लक्ष्मणराव किर्लोस्करांची उद्योगशाळा

वाणिज्याची पदवी घेऊन दरवर्षी हजारो तरुण महाविद्यालयांतून बाहेर पडतात. जमाखर्च, घसारा, मागणी आणि पुरवठा यांची त्यांना चांगली माहिती असते. परंतु स्वतः तयार केलेली वस्तू अनोळखी माणसाला विकण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर आलेला असतो. या शिक्षणात नेमके काय राहून जाते, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रंगांधळेपणामुळे तो मार्ग खुंटला, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेतील यंत्रे हाताळता हाताळता त्यांना यंत्रविद्येची गोडी लागली. पुढे हक्काची बढती डावलली गेल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि गिऱ्हाइकाला चालवावयास शिकविणे, ही त्यांची पहिली व्यापारशाळा होय.

त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल पडून राहिला आणि त्यात घातलेला पैसा अडकला. ग्राहकाचा विश्वास ही किमतीइतकीच महत्त्वाची बाब आहे, हा धडा लक्ष्मणरावांना या पडून राहिलेल्या नांगरांनी दिला. त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि कालांतराने शेतकऱ्याने तोच नांगर आपला मानला.

तथापि केवळ जिद्दीने सारे साधले, असे म्हणणे एकांगी ठरेल. बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि भांडवलासही हातभार लावला. १९१० साली कुंडल रोड स्थानकानजीकच्या निवडुंगाने व्यापलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळेत न रमलेली माणसेही तेथे कामातून तरबेज झाली. तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले. एकाच काळात उद्योगशिक्षणाच्या दोन वाटा अशा सुरू झाल्या. दुर्दैवाने त्या एकमेकींना क्वचितच भेटल्या.

लक्ष्मणरावांच्या मनात मात्र त्यांचे वैर नव्हते. स्वतः पदवीवाचून कारखाना उभारणाऱ्या या गृहस्थाने पुत्र शंतनुरावांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकण्यास पाठविले. कारखाना वाढला की अनुभवाला शास्त्राची जोड लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पुढची पिढी तो व्याप सांभाळण्यास समर्थ झालेली होती.

या चरित्राचा बोध पुस्तके मिटून ठेवण्याचा नव्हे. विद्यार्थ्याने लहानसा का होईना, खरा व्यवहार करावा, त्यात चुकावे आणि चुकीचा हिशेब स्वतः मांडावा, एवढी सोय अभ्यासक्रमात हवी. परंतु चुकीला किंमत पडते, आणि सामान्य घरातील मुलाला ती परवडत नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी बंधू होते, औंधचे राजे होते. आजच्या होतकरू तरुणाच्या पहिल्या अपयशाचा भार कोणी उचलावयाचा, हे महाविद्यालयांनी, बँकांनी आणि शासनाने मिळून ठरविल्याशिवाय उद्योजकतेचे प्रशिक्षण हा आणखी एक प्रमाणपत्राचा वर्गच ठरेल.