विल्यम होगार्थ : क्रौर्याच्या चार पायऱ्या

लंडन शहरातल्या स्मिथफील्ड भागात १० नोव्हेंबर १६९७ रोजी विल्यम होगार्थचा जन्म झाला. स्मिथफील्ड म्हणजे गुरामेंढरांचा मोठा बाजार. बाजाराच्या दिवशी जनावरांचे कळप काठ्यांनी झोडपत भर रस्त्यातून हाकले जात. जुन्या काळी याच मैदानावर माणसांना लोकांदेखत देहदंडही दिला जाई. मुक्या प्राण्यांचे हाल ही त्या पोराच्या डोळ्यांना रोजचीच गोष्ट होती.

वडील रिचर्ड हे लॅटिनचे शिक्षक. विद्वान खरे, पण व्यवहारात कच्चे. त्यांनी एक कॉफीगृह काढले. तिथे येणाऱ्यांनी लॅटिनमध्ये बोलावे, अशी त्यांची कल्पना होती. ते अर्थातच बुडाले आणि कर्जापायी रिचर्ड फ्लीटच्या तुरुंगात गेले. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. वडिलांची सुटका व्हायला १७१२ साल उजाडले. पैसे नसलेल्या माणसाला समाज कसा वागवतो, हे या मुलाने घरातच पाहिले.

पुढे तो चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला. १७२० मध्ये त्याने स्वतःचा कोरीव छपाईचा धंदा थाटला. राजचित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांच्या चित्रशाळेत जाता जाता त्यांच्या मुलीशी, जेनशी, त्याचे सूत जुळले आणि १७२९ मध्ये दोघांनी वडिलांना न विचारताच लग्न केले. मात्र जावयाची चित्रे पाहून सासऱ्यांचा राग पुढे निवळला.

होगार्थचे नाव झाले ते मालिकाचित्रांमुळे. एकेक चित्र म्हणजे नाटकातला एकेक प्रवेश. १७३२ मध्ये खेड्यातून लंडनला आलेल्या आणि वाममार्गाला लावल्या गेलेल्या मुलीची मालिका आली, १७३५ मध्ये बापाची इस्टेट उधळणाऱ्या तरुणाची. त्या दुसऱ्या मालिकेचे शेवटचे चित्र वेड्यांच्या इस्पितळातले आहे. नायक साखळदंडात जमिनीवर पडला आहे आणि दोन नटलेल्या बायका करमणूक म्हणून वेडे बघायला आल्या आहेत. छळ करणाऱ्याइतकाच त्याची मजा बघणाराही होगार्थला दिसत असे.

त्याची चित्रे चोरून छापणारे पुष्कळ निघाले. तेव्हा त्याने इतर चित्रकारांना बरोबर घेऊन संसदेकडून १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा करवून घेतला. आजही तो होगार्थचा कायदा म्हणून ओळखला जातो.

त्याच्या आयुष्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे काम मात्र १७५१ सालचे. क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखवणारी ही चार चित्रे. त्यांचा नायक टॉम नीरो हा धर्मादायावर वाढलेला पोर. त्याच्या बाहीवर सेंट जाइल्स पॅरिशचा बिल्ला आहे. म्हणजे ज्यांनी त्याला सांभाळायचे, त्यांनी तो रस्त्यावर मोकळा सोडला आहे.

पहिल्या चित्रात टॉम आणि इतर पोरे एका कुत्र्याचे हाल करीत आहेत. आजूबाजूला कोणी मांजरे शेपटीने टांगली आहेत, कोणी पक्ष्याचे डोळे जाळतो आहे. एक पोरगा भिंतीवर फासावर लटकलेला माणूस काढून खाली टॉमचे नाव लिहितो आहे. या सगळ्या गर्दीत एकच मुलगा कुत्र्याला सोडवायला पुढे झाला आहे. कुत्र्याला सोड, म्हणून तो टॉमला हातातला खाऊ देऊ करतो आहे.

दुसऱ्या चित्रात टॉम भाड्याच्या घोडागाडीचा गाडीवान झाला आहे. घोडा पाय मोडून पडला आहे आणि तो त्याला चाबकाच्या दांड्याने झोडतो आहे. गाडीत चार बॅरिस्टर दाटीवाटीने कोंबून बसले आहेत, भाडे वाचावे म्हणून. घोडा पडला तो त्यांच्याही वजनाने, पण हे कायद्याचे जाणकार आपापली सुटका करण्यात गर्क आहेत. शेजारी एक मेंढक्या कोकराला मारतो आहे आणि डुलकी लागलेल्या गाडीवानाच्या चाकाखाली एक लहान मूल सापडले आहे. इथेही एकच माणूस काही करतो आहे. तो टॉमच्या गाडीचा नंबर टिपून घेतो आहे.

तिसऱ्यात रात्रीचे स्मशान. टॉमच्या नादी लागून मालकिणीची चांदी चोरणाऱ्या गरोदर ॲन गिलचा त्याने गळा चिरला आहे आणि गावकऱ्यांनी त्याला पकडले आहे. चौथ्यात फाशीनंतर त्याचे प्रेत शल्यवैद्यांच्या टेबलावर आहे, गळ्यात दोर तसाच. वैद्य शांतपणे ते चिरीत आहेत, काही जण गप्पा मारीत आहेत, आणि खाली एक कुत्रा त्याच्या काळजाला तोंड लावतो आहे.

या चौथ्या चित्रापाशी होगार्थ खरा कळतो. गुन्हेगाराला शासन झाले, गोष्ट संपली, असे समाधान तो मिळू देत नाही. टॉमने जे रागाने आणि दांडगाईने केले, तसेच काहीसे ही प्रतिष्ठित मंडळी थंडपणे करीत आहेत. पहिल्या चित्रात कुत्र्याभोवती पोरांचा घोळका होता, इथे टॉमभोवती वैद्यांचा आहे.

ही चित्रे त्याने दिवाणखान्यात लावण्यासाठी काढलीच नव्हती. ज्या गल्ल्यांत हे घडते, तिथल्या लोकांपर्यंत ती पोचावीत म्हणून रेषा मुद्दाम ठसठशीत ठेवल्या आणि किंमत एक शिलिंग. आणखी स्वस्त व्हावीत म्हणून शेवटची दोन चित्रे लाकडी ठशांवरही कोरवून पाहिली, पण तो खर्च उलट जास्त निघाला आणि बेत सोडावा लागला. या चार चित्रांनी क्रौर्याला थोडा जरी आळा बसला असेल, तर राफाएलच्या थोर चित्रांपेक्षा ही आपल्या हातची याचा आपल्याला जास्त अभिमान वाटेल, अशी त्याची भावना होती.

त्याचे स्वतःचे वागणेही याला धरून होते. १७४५ च्या आत्मचित्रात त्याने आपल्या पुढ्यात लाडका पग कुत्रा ट्रम्प बसवला आहे. टाकून दिलेल्या मुलांसाठी कॅप्टन थॉमस कोरम यांनी काढलेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलचा तो पहिल्यापासून विश्वस्त होता. तिथल्या मुलांचे गणवेशही त्याने आखून दिले. त्याला आणि जेनला मूल नव्हते. त्या संस्थेतली मुले त्यांनी चिझिकच्या आपल्या घरी सांभाळली. टॉम नीरोला जे मिळाले नाही, ते या मुलांना मिळाले.

२६ ऑक्टोबर १७६४ रोजी होगार्थ वारला. गुरेघोड्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा ब्रिटिश संसदेने केला तो १८२२ मध्ये. १८२४ मध्ये लंडनला प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था निघाली, आणि तशीच संस्था १८७४ मध्ये मुंबईतही उभी राहिली. परळचे तिचे इस्पितळ बैलघोडा हॉस्पिटल म्हणून मुंबईकरांना ठाऊक आहे.

चित्राने कायदा होत नाही, हे खरे. पण कायदा व्हायच्या आधी कोणाच्या तरी डोळ्यांना ते सलावे लागते. होगार्थच्या त्या गर्दीच्या चित्रांत खाऊ पुढे करणारा मुलगा आणि नंबर टिपणारा माणूस चटकन दिसत नाहीत, शोधावे लागतात. ते सापडले की मग आपण त्या गर्दीत कुठे उभे असतो, हा प्रश्न टाळता येत नाही.