यमकापलीकडचे वामन पंडित

मराठी पंडित कवींमध्ये वामन पंडितांचे स्थान अग्रगण्य आहे. इ. स. १६०८ ते १६९५ हा त्यांचा काळ मानला जातो, तर नांदेडच्या विद्वान शेष घराण्याशी त्यांचे नाते परंपरेने सांगितले जाते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असूनही त्यांनी विपुल लेखन मराठीत केले. 'यथार्थदीपिका' ही गीतेवरील ओवीबद्ध टीका व समश्लोकी गीता ही त्यांची मोठी कामगिरी होय. यमकाच्या हौसेमुळे मात्र 'यमक्या वामन' हे नाव त्यांना चिकटले.

या नावाने कवीवर अन्यायच केला. भर्तृहरीच्या नीतिशतकाचे त्यांचे मराठी रूपांतर पाहावे. वाळूतून तेल किंवा मृगजळातून पाणी या कल्पना शब्दशः घेतल्यास निरर्थक ठरतात. हट्टी मूर्खाची समजूत घालणे याहूनही अवघड, हा त्यातील उपरोध कळला की श्लोक उलगडतो. कृष्णलीलांच्या वर्णनात त्याच कवीचा सूर वात्सल्याने ओथंबतो.

शाळेत अलंकाराचे नाव लिहिले की गुण मिळतात. सूर ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र कविता मिळते. वामन पंडितांचे श्लोक शिकवताना म्हणूनच यमकापाशी थांबून चालत नाही.