प्रोफेसर पॉल लांझव्हँ

जाळ्यांत सांपडलेले मासे कोणासही मोजतां येतात. पण जे अथांग सागरांतच राहिले, त्यांची गणती कशी करावी? आज हें काम ध्वनीच्या साहाय्यानें होतें. ह्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्ते पॉल लांझव्हँ ह्यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचें अल्प चरित्र आम्हीं विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म पॅरिस येथें २३ जानेवारी १८७२ रोजीं झाला. पिएर क्यूरी हे त्यांचे गुरु. पुढें केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन ह्यांच्या प्रयोगशाळेंतही त्यांनीं अध्ययन केलें. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हा शोध क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं लाविला होता. उलट, वीज दिली असतां तोच स्फटिक कंप पावतो.

पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं हाहाकार उडविला, तेव्हां लांझव्हँ ह्यांना गुरूंचा हा शोध उपयोगी पडला. पोलादी पत्र्यांमध्यें स्फटिकाच्या चकत्या बसवून त्यांनीं कानास ऐकूं न येणारा ध्वनि समुद्रांत सोडला, आणि १९१८ सालीं पाणबुडीवरून परतलेला प्रतिध्वनि टिपला.

युद्ध संपलें, पण विद्या राहिली. १९३५ सालीं नॉर्वेचे ऑस्कर सुंड ह्यांनीं लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनि कागदावर उमटवून दाखविले. आतां जहाजें ठराविक रेषांवरून जात ध्वनि सोडतात. तो पाण्यांत सेकंदास सुमारें १५०० मीटर धांवतो. परतण्यास लागलेल्या वेळावरून थव्याची खोली कळते. पुष्कळ माशांच्या पोटांत हवेची पिशवी असते, तिच्यावरून तो विशेष जोरानें परततो. एकंदर प्रतिध्वनीच्या शक्तीस एका माशाकडून येणाऱ्या शक्तीनें भागिलें असतां संख्येचा अंदाज निघतो. माशांची जात व लांबी जाणण्यास मात्र जाळें टाकावेंच लागतें. किती मासे धरावे व किती राखावे, हें ठरविण्यास अशा गणतीचा मोठा आधार होतो.

लांझव्हँ ह्यांचा उत्तरकाळ कष्टांत गेला. अन्यायी सत्तेस निर्भयपणें विरोध केल्यामुळें १९४० सालीं जर्मनांनीं त्यांना कैद केलें. १९४२ सालीं त्यांच्या जांवयास गोळ्या घातल्या, व १९४३ सालीं कन्येस छळछावणींत धाडिलें. कन्या जिवंत परतली. १९ डिसेंबर १९४६ रोजीं लांझव्हँ निवर्तले. १९४८ सालीं राष्ट्रानें त्यांच्या अस्थि पँथिऑनमध्यें सन्मानानें ठेविल्या.

शत्रूस शोधण्यासाठीं निर्मिलेली युक्ति आज कोळ्यांच्या उद्यांच्या अन्नाची राखण करीत आहे. विद्या एकच, ती कोणत्या कामीं लावावी, हें ठरविणें मनुष्याच्या हातीं असतें, इतकें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.