पासष्ट हजार दारांची वही

हरिहरेश्वरात शनिवार-रविवारची खोली मोबाईलवरून नोंदवली, की फोन दूरच्या एका सर्व्हरच्या बहुधा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. पोर्ट म्हटल्यावर तिथल्या माणसाला खाडीपलीकडचे बाणकोट आठवेल. पण संगणकाचे पोर्ट म्हणजे नुसता आकडा. एकाच यंत्रावर अनेक सेवा चालतात, त्यातली हवी ती कोणती, हे त्या आकड्यावरून कळते. असे ६५,५३६ आकडे आहेत. कोणता कोणाचा, याची वही वर्षानुवर्षे सांभाळली ती जॉन पोस्टेल यांनी.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. पुढे इंटरनेटचे शिल्पकार म्हणून गाजलेले व्हिंट सर्फ त्यांच्याच शाळेतले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना, १९६९ मध्ये, अर्पानेट या आद्य जाळ्याचे काम त्यांच्यासमोर सुरू झाले. जो तो आपल्या प्रोग्रॅमला मनाला येईल तो आकडा देऊ लागला, तर गोंधळ ठरलेलाच. म्हणून मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवले, की आकडे एकाच व्यक्तीने वाटावेत. ते काम आपण करू, असेही हळूच सुचवले. लांब दाढी आणि पायात सँडल असा हा माणूस मग ते आयुष्यभर करत राहिला.

१९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी आपल्या एसएसएच या नव्या प्रोग्रॅमसाठी २२ हा आकडा मागितला. २१ आणि २३ आधीच दिलेले होते. पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी तो देऊन टाकला.

पण ही वही म्हणजे आपसातला समजूतदारपणा, कुलूप नव्हे. कोणताही प्रोग्रॅम कोणत्याही आकड्यावर बसू शकतो. सर्व्हरवर अनोळखी पोर्ट उघडे दिसले, की यादीत नाव शोधून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत, आणि घात तिथेच होतो. खरे उत्तर यंत्रालाच विचारावे लागते: हे पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमने धरले आहे, तो कोणत्या फाइलमधून आणि कोणाच्या खात्यावर सुरू झाला? लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा मुख्य अधिकाराने चालवली, तर प्रोग्रॅमचे नाव आणि प्रोसेसचा क्रमांक कळतो. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ प्रोसेसचा क्रमांक देते. नाव दिसलेच नाही, तर ते पोर्ट खुद्द कर्नलने धरलेले असू शकते. घुसखोराने आतली माहिती लपवल्याचा संशय असेल, तर दुसऱ्या संगणकावरून तपासून दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.

एका माणसावर किती भिस्त होती, ते २८ जानेवारी १९९८ रोजी दिसले. नावांच्या मूळ सर्व्हरांपैकी आठ चालकांनी पोस्टेल यांच्या एका ई-मेलवर आपली यंत्रे त्यांच्या यंत्राकडे वळवली. अमेरिकी सरकार चिडले. पोस्टेल यांनी ती चाचणी असल्याचे सांगून सारे पूर्ववत केले.

हृदयाच्या झडपेचा विकार त्यांना जुनाच. शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते गेले. वही आता आयकॅन या संस्थेकडे आहे.