पेटीला गाती करणारे गोविंदराव टेंबे



आपल्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर गावोगावी भजन रंगतं. बुवा गातात आणि पेटीही स्वतःच वाजवतात. या पेटीला मैफलीत मान मिळवून देणाऱ्या कलावंताची ओळख आज करून घेऊया.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म 5 जून 1881 रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला. पेटीचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. मोठमोठ्या गवयांचे गाणे कान देऊन ऐकायचे आणि ते बोटांतून काढायचे, हीच त्यांची शाळा! पुढे भास्करबुवा बखले यांना त्यांनी साथ केली. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

आता अडचण काय होती ते पाहा. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये हवा नळ्यांतून वाजते, तर पेटीत ती पितळी पट्ट्यांतून. दोन्हीकडे प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला. आपल्या गाण्यात मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते. ती या वाद्यातून निघत नाही, म्हणून अनेक जाणकार पेटीला नावे ठेवत. पण गोविंदरावांच्या हातात तीच पेटी गाऊ लागे.

ते फक्त वादक नव्हते बरं का! 1911 साली आलेल्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचेच. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तकही लिहिले.

1940 मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. 9 ऑक्टोबर 1955 रोजी गोविंदराव गेले, तेव्हाही ती उठलेली नव्हती. ज्या वाद्यासाठी आयुष्य वेचले, त्यालाच दार बंद! पण गावातली पेटी काही थांबली नाही, आणि पुढे बंदीही उठली.

पालकहो, मूल पेटीला हात लावू लागले की आपण पटकन म्हणतो, आधी अभ्यास कर. अभ्यास हवाच. पण शिकवायला कोणी नसतानाही ऐकून ऐकून शिकणे, हासुद्धा अभ्यासच आहे. या आठवड्यात मुलांना भजनाला न्या, बुवांच्या शेजारी बसवा. घरी आल्यावर काय काय ऐकलं, एवढंच विचारा.