डॉक्टर रखमाबाई

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वडील बायका म्हणत आल्या आहेत, आणि ते उगीच नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाचा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथील खेड्यांत, इतर प्रांतांप्रमाणेच, बाळंतपण सुईणीच्या हाती असे. ती अनुभवी असे, पुष्कळदा मायाळूही असे. परंतु न धुतलेल्या हातांनी बाळंतिणीस सूतिकाज्वर येई व अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्याने अर्भकास धनुर्वात होई. स्त्रियांच्या इस्पितळांसाठी १८८५ साली लेडी डफरिन ह्यांनी व सुईणींच्या शिक्षणासाठी १९०३ साली लेडी कर्झन ह्यांनी निधी उभारले. तथापि पैशाने इमारत उभी राहते. तिची पायरी चढण्यास बायका भीत. ही भीती घालविण्यास ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी रखमाबाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई हिने डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न ११व्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लागले. परंतु त्या माहेरीच राहिल्या व फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणवून शिकत राहिल्या. १८८४ साली पतीने त्यांस नांदावयास न्यावे म्हणून फिर्याद लाविली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी ती फेटाळली. पण अपिलात ती पुन्हा उभी राहिली आणि मार्च १८८७ मध्ये, नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. अजाणतेपणी लाविलेले लग्न आपणांस बांधीत नाही, सबब आपण कैदच पत्करू, असे ह्या २२ वर्षांच्या मुलीने कळविले! अखेर १८८८ साली २,००० रुपये देऊन तडजोड झाली.

कामा इस्पितळाच्या डॉक्टर एडिथ पीची ह्यांच्या साहाय्याने १८८९ साली त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. पुढल्याच वर्षी त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाचा भार घेतला.

तेथे बाळंतपणास कोणी येईना. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, असा लोकांचा समज. तेव्हा बाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवून तेथेच तिची वीण करविली, आणि शेळी व करडे सुखरूप पाहून बायकांस धीर आला, असे सांगतात. व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका शेळीने साधले; शेळ्या पाळणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचे नवल वाटणार नाही. प्लेगाची साथ आली तरी त्यांनी सुरत सोडली नाही.

१९०४ साली दादाजी वारले. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा कैद बरी मानली, त्याच्या मृत्यूनंतर बाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. हे कोडे आम्हांस उलगडत नाही.

सुरतेस सुमारे २२ वर्षे काढून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या. निवृत्त होऊन मुंबईस परतल्यावर तेथेच २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लग्न पुन्हा केले नाही.