घुमटाचा हट्ट धरणारे ख्रिस्तोफर रेन

भारतातून आजी-आजोबा आले की आपण त्यांना लंडन दाखवायला नेतो. सेंट पॉल्स कॅथीड्रलसमोर, बस आणि टॅक्सींच्या गर्दीत, फोटो काढतो आणि पुढे टॉवर ब्रिजकडे वळतो. पण ज्यांनी हा घुमट बांधला त्यांना तो बांधू द्यायला कोणी सहजासहजी तयार नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या अंकात आम्ही सर ख्रिस्तोफर रेन यांची गोष्ट सांगणार आहोत.

रेन यांचा जन्म २० ऑक्टोबर १६३२ रोजी विल्टशायरमधील ईस्ट नॉइल या खेड्यात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. छोट्या ख्रिस्तोफरची प्रकृती नाजूक, पण डोके तल्लख. ऑक्सफर्डला शिकून ते प्राध्यापक झाले, तेही खगोलशास्त्राचे! १६६० मध्ये रॉयल सोसायटी स्थापन करणाऱ्या शास्त्रज्ञांतही ते होते. इमारती बांधायला त्यांनी तिशीनंतरच सुरुवात केली.

तेव्हाचे जुने सेंट पॉल्स मोडकळीला आले होते. त्याचा उंच मनोरा १५६१ मध्ये वीज पडून जळाला होता. १६६६ च्या उन्हाळ्यात रेन यांनी सुचवले की तेथे घुमट बांधावा. त्यावर चर्चा चालू असतानाच सप्टेंबरमध्ये लंडनला भयंकर आग लागली. १३,२०० घरे आणि ८७ चर्च जळाली, सेंट पॉल्सही गेले. (त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते.)

थोड्याच दिवसांत रेन यांनी राजाला नव्या शहराचा नकाशा सादर केला. रुंद, सरळ रस्ते, मोठे चौक. पण ज्याला त्याला आपली जुनी जागाच हवी होती. नकाशा कागदावरच राहिला, आणि सिटीतल्या अरुंद गल्ल्या आजही तशाच वळणावळणाच्या आहेत.

कॅथीड्रलच्या बाबतीतही तेच झाले. १६७३-७४ मध्ये रेन यांनी ओक लाकडाचे एक प्रचंड मॉडेल करून घेतले. ते सहा मीटरपेक्षा लांब आहे आणि आजही कॅथीड्रलमध्ये जपून ठेवले आहे. रेन यांचा सगळा जीव या आराखड्यात होता. पण धर्मगुरूंना तो पसंत पडला नाही. त्यांना इंग्लंडच्या जुन्या रीतीप्रमाणे लांबलचक चर्च हवे होते. नकार ऐकून रेन यांच्या डोळ्यांत पाणी आले असे सांगतात.

मग त्यांनी लांब चर्चचा, वर विचित्र मनोरा असलेला नवा आराखडा दिला. १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने तो मंजूर केला आणि सजावटीत लहानसहान बदल करण्याची मुभाही दिली. रेन यांनी त्या मुभेचा असा काही फायदा घेतला की मनोरा नाहीसा झाला आणि त्या जागी भव्य घुमट आला! आमच्या मते ही चक्क चलाखी होती. (शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मात्र हे करून पाहू नका.)

पायाभरणीच्या वेळची एक गोष्ट सांगतात. घुमटाच्या मध्याची खूण करण्यासाठी एका मजुराने ढिगाऱ्यातून हाताला येईल तो दगड आणला. तो जुन्या थडग्याचा तुकडा निघाला. त्यावर लॅटिनमध्ये, मी पुन्हा उठेन, अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला होता.

बांधकामाला पैसा मिळाला तो मुख्यतः लंडनला येणाऱ्या कोळशावरच्या करातून. घुमट खरे तर एक नाही. आतून दिसतो तो वेगळा, बाहेरून दिसतो तो वेगळा, आणि दोघांच्या मध्ये विटांचा शंकू लपलेला आहे. माथ्यावरचा सुमारे ८५० टनांचा दगडी भार तोच पेलतो. गणिताच्या माणसालाच हे सुचावे! क्रॉसपर्यंत उंची १११ मीटर. विजापूरचा गोल घुमट मात्र १६५६ मध्येच पूर्ण झाला होता आणि तो सेंट पॉल्सच्या घुमटापेक्षा रुंद आहे, हे पालकांनी मुलांना अवश्य सांगावे.

काम लांबले तशी कुरकुर वाढली. १६९७ मध्ये पार्लमेंटने काम संपेपर्यंत रेन यांचा अर्धा पगार रोखून धरला. वर्षाचे २०० पौंड, त्यातले १०० बंद. म्हातारपणी त्यांना टोपलीत बसवून दोरांनी वर ओढून नेत. १७०८ मध्ये माथ्यावरचा शेवटचा दगड त्यांच्या मुलाने बसवला. थकलेला पगार १७११ मध्ये मिळाला. १७१८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांना राजाच्या बांधकाम खात्यातून काढून टाकले. त्यानंतरही ते अधूनमधून येऊन घुमटाखाली बसत असे म्हणतात. २५ फेब्रुवारी १७२३ रोजी ते वारले.

आता पुढच्या वेळी गेलात तर तळघरात जरूर उतरा. तेथे नेल्सन आणि वेलिंग्टन यांची मोठाली थडगी मधोमध आहेत, सगळी गर्दी तिथेच असते. रेन यांची साधी काळी शिळा दक्षिणेच्या बाजूला, पूर्वेच्या टोकाजवळ आहे. जवळच्या भिंतीवर त्यांच्या मुलाने लावलेला लॅटिन लेख आहे. त्यांचे स्मारक पाहायचे असेल तर सभोवार नजर टाका, असे त्यात वाचणाऱ्याला सांगितले आहे.